दोन्ही बाजूंची चूक

चिंचदऱ्यात सोयाबीनची सोंगणी सुरू होऊन आठवडा झाला, तरी पारधी बेड्यावर कोणी मजूर बोलवायला आलं नाही.

भुरीबाई रोज सकाळी झोपडीसमोर विळ्याला धार लावत बसायची. दगडावर पाण्याचा हबका मारायची, विळा घासायची, अंगठ्यानं धार पाहायची आणि परत घासायची. विळ्याचं पातं झिजून बारीक होत चाललं होतं. बेडा, म्हणजे पारध्यांची वस्ती, गावाबाहेरच्या ई-क्लास सरकारी जमिनीवर, टेकाडाच्या अंगावर होता. खालच्या रस्त्यानं गावातल्या बायांची टोळी वावराकडे जायची. पुढे बौद्धपुऱ्यातली भागिरथाबाई. बायांची टोळी तीच जमवायची आणि वावराचं काम तीच ठरवायची. मागच्या सालापर्यंत त्या टोळीत भुरीबाई असायची, बेड्यावरच्या बाकीच्या बायाही असायच्या. आता बेडा आला की भागिरथाबाई पदर पुढे ओढायची आणि भराभर पावलं टाकायची.

एका सकाळी भुरीबाईनं वरूनच हाक मारली.

"भागिरथाबाई! आमच्या हाताले काटे फुटले का वं?"

भागिरथाबाई थांबली. बाकीच्या बाया पुढे गेल्या.

"तुमाले घेतलं तं माह्या टोळीले काम भेटत नाई, बाई. तसं सांगतलं मले."

"कोनं सांगतलं?"

"तुले मायत नाई का?" एवढं बोलून ती निघून गेली.

भुरीबाईला माहीत होतं. बेड्यावरच्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं.

मागच्या सालचा पोळा झाला आणि रामधनच्या विहिरीवरची मोटार चोरीला गेली. रामधन गावच्या तंटामुक्ती समितीचा अध्यक्ष होता. भरदुपारी पाऊस कोसळत असताना गावातली माणसं बेड्यावर चढून आली. कोणी काही विचारलं नाही. कोणी मोटार शोधलीही नाही. झोपड्यांच्या भिंतींचे पऱ्हाटीचे कूड उपसले, टिनं ओढून पाडली, ज्वारीचं पोतं चिखलात उपडं केलं. भुरीबाईचा नवरा उदयसिंग झोपडीच्या दारात आडवा झाला, तेव्हा बंडीची उभारी, बैलगाडीचा जाड दांडा, त्याच्या उजव्या हातावर बसली, कोपराच्या खाली. हाड मोडल्याचा आवाज पावसातही ऐकू आला. दुसरा फटका त्याच जागेवर पडला. उभारी गोविंदाच्या हातात होती. याच गोविंदाच्या वावरात उदयसिंगनं कित्येक हिवाळे जागल केली होती, रानडुकरं आणि रोही हाकलत हिंडला होता.

नाल्याला पूर होता. रस्ता मोकळा होऊन उदयसिंग वाशीमच्या दवाखान्यात पोचेपर्यंत हात कोहळ्यासारखा सुजला होता. हाड जुळलं, पण वाकडं जुळलं. त्यांची पोरगी निता वाशीमला नर्सिंग शिकत होती. केस लिहून घेईपर्यंत ती ठाण्याच्या ओट्यावरून हललीच नाही. तेव्हा कुठे गोविंदा, रामधन आणि आणखी काही जणांवर अॅट्रॉसिटीची केस झाली.

मोटार पुढे सापडली, एका भंगारवाल्याकडे. रामधनच्याच साळ्याच्या पोरानं ती विकली होती. गावाला ते कळलं, आणि रामधननं साळ्याशी आपसात मिटवून घेतलं. पण बेड्यावर कोणी आलं नाही. चुकलं असं कोणी म्हणालं नाही. उलट, केस मागे घेत नाहीत म्हणून बेड्याचं काम बंद झालं, जागल बंद झाली, आणि दुकानदार बेड्यावरच्या पोरांना दुकानाच्या पायरीखालीच उभं करू लागला.

दिवाळीच्या सुट्टीत निता घरी आली होती. तेव्हाच एका संध्याकाळी रामधनची मोटारसायकल टेकाडावर चढली. हातात पेढ्यांचा डबा होता.

"राम राम, उदयसिंगभाऊ."

आजपर्यंत त्यानं उदयसिंगला भाऊ म्हटलं नव्हतं. उदयसिंग सवयीनं उठून उभा राहिला. त्याच्या त्या उभं राहण्याचाच भुरीबाईला राग आला. रामधन बाजेवर बसला, आणि उदयसिंग उभाच राहिला.

"असं आहे," रामधन म्हणाला, "गावात सलोखा मेळावा घेऊन राह्यलो आमी. तालुक्याचे साहेब येतीन. आदिवासी बांधव आन् गावकरी, सगळे एका मांडवात. उदयसिंगभाऊचा शाल-नारळ देऊन सत्कार. त्यानं माइकवर दोन शब्द बोलाचे, का माह्या मनात कोनाविषयी काई नाई. बस. गावाचं नाव होईन."

"आन् कोर्टात?" नितानं विचारलं. ती चुलीपाशी बसली होती.

रामधननं तिच्याकडे न पाहता उदयसिंगला उत्तर दिलं. "कोर्टात साक्षीची तारीख लागली आहे. तिथं म्हनाचं, का एवढे लोकं होते, पानी पडून राह्यलं होतं, चेहरे काई दिसले नाई. यात खोटं काय आहे? पानी तं पडतच होतं."

"मले दिसले," भुरीबाई म्हणाली.

"भुरीबाई, झालं थे झालं. उद्यापासून तुमी सोंगणीले या. जागल सुरू करून देतो. बेड्यावर नळ आनतो. या जागेचा ठराव घेतो ग्रामपंचायतीत. अजून काय पाह्यजे मानसाले?"

"नाई आलो तं?"

"मी धमकी नाई देऊन राह्यलो." रामधन उठला. "पन गावाशिवाय तुमी राहान कसे, थे बी पाहा."

डबा बाजेवर ठेवून तो गेला. निता उठली आणि डबा उचलून फेकायला निघाली, तेवढ्यात उदयसिंगनं डाव्या हातानं एक पेढा घेतला आणि तोंडात टाकला.

"बाबा! कायले खाल्ला?"

"भूक लागली होती."

तो चावत राहिला. मग खाली मान घालून म्हणाला, "मी थकलो, निता. हात गेला, थो काई परत येत नाई. बसू एक दिवस खुर्चीवर. होऊन जाऊ दे."

"आन् माह्या मायच्या डोयानं काई पाह्यलंच नाई?"

भुरीबाईनं पिठाचं मडकं उघडलं. घरात पीठ उरलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं विळा घेतला, फडक्यात भाकर बांधली आणि टोळीमागे चालू लागली.

काम गोविंदाच्याच वावरात निघालं. सोयाबीन वाळून खडखडीत झालं होतं. वाकून डाव्या हातात झाडं धरायची आणि बुडाशी विळा मारायचा. शेंगांची टोकं तळहातात रुतत होती. कापलेले खुंट चपलेच्या वर पोटरीला ओरबाडत होते. उन्हात झाडांचं कूस उडून गळ्याला, काखेला चिकटत होतं आणि घामानं आग आग होत होती. भुरीबाईनं मान वर केली नाही. तिची पात, कापायची ओळ, सगळ्यांच्या पुढे गेली. गोविंदा धुऱ्यानं, बांधाच्या कडेनं, फिरत होता. तिशीतला, दणकट माणूस. ती जिथे असेल त्याच्या दुसऱ्या टोकाला तो जायचा. दुपारी बाया बाभळीखाली जेवायला बसल्या, तेव्हा तो बैलांना पाणी दाखवायचं निमित्त काढून निघून गेला.

सुटी झाल्यावर बाया धुऱ्यावरून निघाल्या. तिथे गोविंदाची माय, रुखमाबाई, बांधावरच्या दगडावर बसली होती. तिनं हात आडवा केला.

"थांब वं. ओटी झाड."

भुरीबाई थांबली. "काहून?"

"झाड म्हनते ना."

मागे भागिरथाबाई उभी होती. तिच्या ओटीत सरव्याच्या दोन मुठी शेंगा होत्या. सोंगून झालेल्या वावरात पडलेल्या शेंगा वेचून न्यायची रीतच होती. त्या बाहेरूनही दिसत होत्या. रुखमाबाईनं तिच्याकडे पाहिलंही नाही. तिच्या पुढून गेलेल्या बायांकडेही पाहिलं नव्हतं.

भुरीबाईनं गोविंदाकडे पाहिलं. तो कापलेल्या सोयाबीनच्या सुडीवर ताडपत्री टाकत होता आणि दोरीची गाठ सोडून तीच गाठ पुन्हा बांधत होता.

तिनं ओटी सोडली. अर्धी भाकर मातीत पडली. एक हिरवी मिरची पडली.

"भाकरच आहे," रुखमाबाई म्हणाली. "तुमच्या लोकाइचं सांगता येत नाई."

भुरीबाईनं भाकर उचलली. माती झटकली, पुन्हा फडक्यात बांधली आणि चालायला लागली. तिचे कान तापले होते. मागून भागिरथाबाईच्या पावलांचा आवाज येत होता, पण ती जवळ आली नाही. बेड्याच्या वळणावर भुरीबाईनं मागे वळून पाहिलं, तेव्हा भागिरथाबाई रस्त्यात थांबून आपल्या ओटीतल्या शेंगा कडेच्या नालीत टाकत होती.

घरी आल्यावर नितानं विचारलं, "काय झालं?"

"काई नाई."

"मंग रडून काहून राह्यली?"

"कूस गेलं डोयात."

मेळाव्याच्या दिवशी ग्रामपंचायतीपुढे मांडव पडला. खुर्च्या आणल्या, स्टेजवर गालिचा टाकला, मागे मोठा फलक लावला. त्यावर हातात हात घेतलेली चित्रं होती. गावातल्या बाया एका बाजूला बसल्या, आणि बेड्यावरच्या माणसांना पुढच्या सतरंजीवर बसवलं. फोटोत यावीत म्हणून. भुरीबाई आणि निता त्यांत होत्या.

उदयसिंग स्टेजवर होता. त्याला साहेबांच्या शेजारची खुर्ची दिली होती. डोक्याला फेटा बांधला होता. बांधणाऱ्यानं घाईत बांधल्यामुळे तो उजव्या डोळ्यावर उतरत होता. उदयसिंग डाव्या हातानं तो मागे सारायचा, आणि फेटा पुन्हा उतरायचा. स्टेजवर एवढी माणसं होती, पण कोणी हात पुढे केला नाही.

रामधन माइकपाशी उभा राहिला.

"साहेब, आमच्या गावात जातपात नाई. आदिवासी बांधव आमचेच आहेत. मागच्या साली गैरसमजातून एक लहानशी घटना झाली. आता कोन बरोबर, कोन चूक, हे काढत बसलो तं गाव पुढं जात नाई. दोन्ही बाजूंची चूक झाली. दोन्ही बाजूंनी मोठं मन करून थे विसरलं पाह्यजे."

टाळ्या पडल्या. भुरीबाईच्या मांडीवरची निताची बोटं आवळली गेली.

मग सत्कार झाला. रामधननं उदयसिंगच्या खांद्यावर शाल टाकली. फोटो काढणारा म्हणाला, इकडे पाहा. रामधननं नारळ उचलला आणि हसत हसत उदयसिंगच्या उजव्या हातात दिला. त्याची बोटं मिटली नाहीत. नारळ निसटला, गालिच्यावर पडला, स्टेजच्या कडेवरून खाली आला आणि गडगडत सतरंजीपर्यंत आला.

मागे कोणीतरी हसलं. मग आणखी दोघं-चौघं हसले. उदयसिंगही ओशाळून हसला.

ते त्याचं हसणं पाहिलं आणि भुरीबाई उठली. नारळ तिच्या पायाशी होता. तो उचलून ती स्टेजसमोर गेली.

"कायले हासता?" ती ओरडली. "हा हात कोनं मोडला थे सांगा आंधी. मंग हासा."

"भुरीबाई, खाली बस," रामधन म्हणाला. माइक चालू होता, त्यामुळे ते सगळ्या मांडवात घुमलं.

"नाई बसत. तू म्हनला दोन्ही बाजूंची चूक. आमची कोनती? सांग या साहेबाले. मोटार आमी नेली होती? तुह्या साळ्याच्या पोरानं नेली. अख्ख्या गावाले मायत आहे. आमी तुमच्या घरावर आलतो? तुमची ज्वारी चिखलात टाकली? तुमच्या लेकराइले पानीपावसात उघड्यावर बसवलं? सांग ना, आमची चूक कोनती. आमी झोपडीत होतो, हे चूक?"

तालुक्याचे साहेब पुढे झुकले. "बाई, आज आनंदाचा दिवस आहे. मागच्या गोष्टी उगाळून काय होणार?"

"साहेब, मागची गोष्ट तुमच्या बाजूले फेटा बांधून बसली आहे. तुमी तिच्या हातात नारळ देता, आन् थो पडते."

कोणीतरी माइक बंद केला. तिला माइकची गरज नव्हती. ती मांडवाकडे वळली.

"आमाले शाल नोको. सत्कार नोको. जे आलते, त्याइनं आपल्या तोंडानं सांगाचं, का आमी आलतो, आन् विनाकारन मारलं. एवढंच. मंग पाहू इसरता येते का."

गोविंदा खांबाला टेकून उभा होता. भुरीबाईनं त्याच्याकडे बोट केलं.

"तू सांग."

गोविंदाचा चेहरा लाल झाला. बाजूच्या माणसानं त्याच्या दंडाला धरलं. तो तोंड उघडतो की काय असं वाटलं, पण तो वळला आणि मांडवाबाहेर निघून गेला.

"पाहा," रामधन साहेबांना म्हणाला, "यायले समजावून सांगाचा काई उपयोगच नाई."

तेव्हा बायांच्या बाजूनं आवाज आला. "मी सांगतो."

भागिरथाबाई उठली होती. पदर कमरेला खोचलेला.

"मी पऱ्हाटीच्या वावरातून येऊन राह्यली होती थ्या दिवशी. बेड्याच्या खालच्या बांधावर उभी होती. म्या सगळे पाह्यले. कोन होते, कोनाच्या हातात काय होतं, सगळं." ती बायांच्या पुढे आली. "माह्या सासऱ्याले या गावानं विहिरीवर पानी भरू नोतं देलं. थे आयकत मी या गावात नांदली. तरी मी गप बसली, का माह्या टोळीचं काम जाईन. परवा या बाईची ओटी झाडाले लावली. माही नाई झाडली. माह्या ओटीत शेंगा होत्या, तिच्या ओटीत भाकर." तिनं रामधनकडे पाहिलं. "वाशीमले साक्ष द्याची असन, तं मी येतो."

"तुह्या टोळीले गावात काम भेटनार नाई, भागिरथा," रामधन म्हणाला.

"नोको भेटू."

उदयसिंगनं डाव्या हातानं फेटा ओढून काढला आणि खुर्चीवर ठेवला. शाल त्याच्यावर ठेवली. स्टेजच्या पायऱ्या उतरून तो भुरीबाईजवळ आला. तिच्या हातातला नारळ घेऊन त्यानं तो स्टेजच्या कडेवर ठेवला. मग बेड्यावरची सगळी माणसं उठली. पुढची सतरंजी रिकामी झाली.

दुसऱ्या दिवसापासून काम पुन्हा बंद झालं. या वेळी भागिरथाबाईच्या टोळीचंही. गावच्या हापशीवर बेड्यावरच्या बाया गेल्या, की कोणीतरी आधीच येऊन घागरींची रांग लावून ठेवायचं आणि घागरी भरायचंच नाही. भुरीबाईनं एकदा लाथ मारून ती रांग उधळली. रिकाम्या घागरी खडखडत नालीत गेल्या. त्यानंतर रांग लागली नाही.

एका सकाळी भागिरथाबाई टेकाड चढून आली. पहिल्यांदाच.

"इंझोरीकडे एका वावरात सोंगणी आहे. अॅटो सांगतला आहे. येता का?"

भुरीबाई तिच्याकडे बघत राहिली. "आता आमच्या हातचे काटे गेले का?"

"बोल," भागिरथाबाई म्हणाली. "बोलून घे. पन चाल."

बेड्यावरच्या आणि बौद्धपुऱ्यातल्या बाया एका अॅटोत कोंबून बसल्या. इंझोरीच्या शिवारात त्यांची एकच पात लागली. पहिले काही दिवस भुरीबाई आणि भागिरथाबाई एकमेकींशी कामापुरतंच बोलल्या. एकदा भागिरथाबाईच्या बोटाला विळा लागला. भुरीबाईनं आपल्या लुगड्याचा काठ फाडून तो बांधला, आणि बांधता बांधता म्हणाली, "थ्या दिवशी बांधावरून खाली उतरली असती, तं गोविंदानं दुसरा फटका मारला नसता."

"हो," भागिरथाबाई म्हणाली. तिनं हात काढून घेतला नाही.

इकडे गोविंदाच्या अर्ध्या वावरातलं सोयाबीन उभंच होतं. गावातली दुसरी माणसं आपापल्या सोंगणीत गुंतलेली होती. दुपारच्या उन्हात शेंगा तडकून दाणे मातीत पडत होते. एक दिवस संध्याकाळी तो बेड्यावर आला. चपला टेकाडाच्या खाली काढून आला होता. उदयसिंग बाजेवर बसला होता. या वेळी तो उठला नाही.

"उदयसिंगकाका," गोविंदा म्हणाला.

"वावरासाठी आला का हातासाठी?" उदयसिंगनं विचारलं.

"वावरासाठीच आलतो."

"बरं झालं, खरं बोलला. इकडे ये."

गोविंदा जवळ गेला. उदयसिंगनं बाही वर केली आणि उजवा हात मांडीवर आडवा ठेवला. "पाह्य हात लावून."

"काका..."

"लाव."

गोविंदानं बोटं टेकवली. कोपराच्या खाली हाड वर आलेलं होतं. एक बोटभर उंचवटा, त्याच्यापुढे खड्डा, आणि मग हात वेगळ्याच दिशेला वळलेला. गोविंदाची बोटं त्या उंचवट्यावर थांबली. तो बोटं काढू पाहत होता, पण उदयसिंगनं डाव्या हातानं त्याचं मनगट धरून ठेवलं.

"थंडीत दुखते," उदयसिंग म्हणाला. "तितराचा फासा नाई बांधता येत. चड्डीची नाडी भुरी बांधून देते. पोरगी आली का तिच्यासमोर लाज वाटते मले. थ्या दिवशी मी तुले हाक मारली होती. गोविंदा, मी आहो, म्हनलं. मले वाटलं, तुले ओयखू नाई आलो मी. म्हनून म्हनलं. मंग तुनं दुसरा फटका मारला."

उदयसिंगनं मनगट सोडलं.

"माह्यं चुकलं, काका."

चुलीपुढून भुरीबाई उठून आली. "इथं कायले सांगतं? इथं आमाले मायतच आहे. चोरून येऊन सांगतं, चपला खाली ठेवून. गावानं पाहू नये म्हनून?"

"भुरीमाय, माह्या घरी म्हातारी आहे. मले जेल झाली तं..."

"आमच्या घरी कोनी नोतं का?" ती ओरडली. बेड्यावरची माणसं बाहेर आली. "जाय तू. आपलं सोयाबीन आपन सोंग."

तो गेला. त्याच्या वावरात पुढचे दिवस तो आणि रुखमाबाई दोघंच वाकलेले दिसायचे. म्हातारी दोन झाडं कापायची आणि कमरेवर हात ठेवून उभी राहायची. भुरीबाई अॅटोतून जाता-येता ते पाहायची. तिला वाईट वाटलं नाही. वाईट वाटत नाही, याचंही तिला काही वाटलं नाही.

साक्षीच्या तारखेला उदयसिंग, भुरीबाई आणि भागिरथाबाई एस.टी.नं वाशीमला गेले. निता होस्टेलवरून थेट कोर्टात आली. रामधन आणि बाकीचे जीपमधून आले होते. गोविंदाही त्यांच्यात होता.

उदयसिंगची साक्ष झाल्यावर भुरीबाई साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. गाववाल्यांचा वकील तरुण, गोड बोलणारा होता.

"पाऊस होता म्हणता. किती होता?"

"लय होता."

"डोळ्यांत पाणी जात होतं?"

"जात होतं."

"म्हणजे नीट दिसत नव्हतं."

"पावसात मानूस दिसते, साहेब. तुमाले दिसत नाई का?"

न्यायाधीशबाईंनी तिला विचारलं तेवढंच बोलायला सांगितलं. वकील हसला.

"गोविंदाच्या वावरात तुम्ही कामाला होता. तुमच्या नवऱ्याला त्यानं जागलीवरून काढणार म्हणून सांगितलं होतं. त्या रागातून तुम्ही त्याचं नाव घेतलं. खरं की नाही?"

"खोटं."

"उभारी कोणाच्या हातात होती हे गर्दीत तुम्हाला दिसणं शक्यच नव्हतं. तुम्ही अंदाजानं सांगताय."

"अंदाज नाई. मी त्याले लहानपनापासून पाह्यलं."

"मी म्हणतो, तुम्ही खोटं बोलताय."

भुरीबाईनं पिंजऱ्याचा कठडा घट्ट धरला. आता आपण काहीतरी वाईट बोलून जाऊ असं तिला वाटलं. तेवढ्यात मागून आवाज आला.

"बरोबर सांगून राह्यली थे."

आरोपींच्या बाकावरून गोविंदा उठला होता. रामधननं त्याचा शर्ट खालून ओढला. तो बसला नाही.

"उभारी माह्याच हातात होती. दोन फटके मारले. त्यानं काई केलं नोतं."

वकिलाच्या हातातले कागद तसेच राहिले. न्यायाधीशबाईंनी चष्मा काढला.

"तुम्ही काय बोलताय, ते तुम्हाला समजतंय का?"

"समजून राह्यलं."

"कोणी दबाव टाकला तुमच्यावर?"

"टाकला होता, साहेब. बोलू नोको म्हनून."

बाईंनी ते लिहून घ्यायला सांगितलं. त्याचं म्हणणं कायद्याप्रमाणे वेगळं नोंदवू, तोवर वकिलाशी बोलून घ्या, असं म्हणाल्या. मग भुरीबाईची साक्ष पुरी झाली, भागिरथाबाईचीही झाली. बाकीच्या आरोपींचा वकील तेच ते प्रश्न विचारत राहिला, पण त्याचा आवाज उतरला होता. पुढची तारीख पडली.

बाहेर कोर्टाच्या फाटकाशी चहाची टपरी होती. गोविंदा चहाचे ग्लास घेऊन आला. चहा बोटांवर सांडत होता. उदयसिंगनं डाव्या हातानं ग्लास घेतला आणि उभ्या उभ्याच पिऊन टाकला. रिकामा ग्लास त्याला परत दिला.

"माह्यं तुह्यापुरतं झालं," तो म्हणाला.

गोविंदानं दुसरा ग्लास भुरीबाईपुढे केला. "घे, भुरीमाय."

तिनं हात पुढे केला नाही.

"तू बोलला, थे आयकलं म्या," ती म्हणाली. "पन माह्या घराचे कूड तू एकट्यानं नोते उपसले. ज्वारी तू एकट्यानं नोती सांडली. थे बाकीचे बोलतीन, थ्या दिवशी चहा सांग. सगळ्याइच्या हातचा पीन."

"थे नाई बोलाचे."

"मंग नाई पीत."

निता काही बोलायला गेली. भागिरथाबाईनं तिला गप केलं.

तेवढ्यात कोर्टाच्या आवारातून रामधनची जीप निघाली. आत बाकीचे दाटीवाटीनं बसले होते. गोविंदासाठी ती थांबणार नव्हती. फाटक अरुंद होतं, आणि फाटकाच्या मधोमध भुरीबाई उभी होती. हॉर्न वाजला. ती हलली नाही. तिनं फक्त तोंड वळवलं आणि काचेतून आत पाहिलं. एकेकाच्या तोंडाकडे, नीट. कोणी मोबाइल काढला, कोणी खिडकीबाहेर पाहिलं. रामधननं काच वर घेतली. हॉर्न पुन्हा वाजला, लांबलचक. टपरीवरची माणसं वळून पाहू लागली.

"बाजूले हो, माय," निता म्हणाली.

"नाई."

शेवटी जीपच मागे गेली.